सायनसच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले, तरी नाक अजून ताळ्यावर का नाही?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी ३९ वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. गेली सहा-सात वर्षं नाक चोंदणं, घशात कफ उतरणं, चेहरा जड होणं हे चालूच होतं. थंडीत दम्याचा पंपही लागतो. स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंना पॉलिप, म्हणजे सुजलेल्या अस्तराचे मऊ फुगे, दिसले आणि अनंत चतुर्दशी झाल्यावर दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. आता सहा आठवडे होतील. श्वास आधीपेक्षा बरा आहे, पण सकाळी नाक गच्च असतं आणि काळपट खपल्या पडतात. वास अजिबात येत नाही. दिवाळीत चकल्यांचा घाणा करपून धूर झाला, सासूबाई बाहेरच्या खोलीतून धावत आल्या आणि मी कढईसमोर उभी असून मला पत्ता नाही. मधे एक दिवस कॉफीचा वास आला, संध्याकाळपर्यंत गेलाही. डोकं उजव्या बाजूने ठणकतं, उजेड नको होतो, मळमळतं. मग मेडिकलमधून गोळी आणून घेते.

सांगितल्याप्रमाणे मी नाक धूत होते. पण एकदा धुतल्यावर तासाभराने दारात रांगोळी काढायला वाकले तर उजव्या नाकपुडीतून टपटप पाणी पडलं, थेट रांगोळीवर. दुसऱ्या दिवशीही तेच. मोबाइलवर शोधलं तर मेंदूभोवतीचं पाणी असं गळतं म्हणून लिहिलेलं. घाबरून धुणंच बंद केलं. तेव्हापासून पाणी पडलेलं नाही. स्प्रेही सोडला, त्यावर स्टिरॉइड लिहिलंय. डॉक्टर दोन मिनिटांत 'होईल बरं' म्हणतात. घरात सगळे म्हणतात पैसे पाण्यात गेले, सायनसचं ऑपरेशन करूच नये, परत वाढतंच. खरंच वाया गेलं का हो?

— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई, नाही. तुमचं नाक मी दुर्बिणीतून पाहिलेलं नाही, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच. पण पत्रात ऑपरेशन फसल्याची एकही खूण मला दिसली नाही. उलट श्वास सुधारलाय आणि एक दिवस का होईना, वास आलाय. काळजी मला दुसऱ्याच दोन गोष्टींची वाटते : तुम्ही नाक धुणं आणि स्प्रे, दोन्ही सोडून दिलंत. ऑपरेशनचं निम्मं काम त्या दोघांवर सोपवलेलं असतं.

आधी त्या रांगोळीवर पडलेल्या पाण्याचं बघू, कारण सगळं तिथूनच अडलंय.

गालाच्या हाडाच्या आत जी पोकळी असते, त्या मॅक्सिलरी सायनसचं तोंड ऑपरेशनमध्ये रुंद केलेलं असतं. धुताना मिठाचं पाणी आता तिथपर्यंत पोचतं, आणि हे तोंड पोकळीच्या तळाशी नसून वर असल्यामुळे थोडं पाणी आत साचून राहतं. तुम्ही उठता, चहा करता, केर काढता. मग रांगोळीला किंवा चप्पल घालायला वाकलात की ते ओघळतं. माझ्याकडे ऑपरेशन झालेली माणसं याच घाबरीघुबरीने फोन करतात. कोणाचं हजेरीपटावर पडलेलं असतं, कोणाचं देवापुढे वाकल्यावर. ऑपरेशनच्या आधी हे होत नव्हतं, कारण दारच बंद होतं आणि पाणी आत जातच नव्हतं. धुणं थांबवल्यावर गळणंही थांबलं, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. ते तुम्ही आत घातलेलंच पाणी होतं, याचा याहून चांगला पुरावा घरबसल्या मिळणार नाही.

मेंदूभोवतीचं पाणी गळतं ते असं नसतं. ते नाक धुवा न धुवा, गळतं. बहुतेक एकाच नाकपुडीतून, नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ, वाकल्यावर किंवा जोर केल्यावर जास्त, आणि घशात उतरलं तर खारट किंवा धातूसारखी चव देतं. सोबत अनेकदा डोकंही दुखतं. हे होतं, पण क्वचित, शंभर ऑपरेशनांत एकापेक्षाही कमी वेळा. शंका आलीच तर ते पाणी स्वच्छ बाटलीत धरून बीटा-२ ट्रान्सफेरिन नावाची तपासणी करता येते. तुमच्या वर्णनात एक नाकपुडी, वाकणं आणि डोकेदुखी एवढं जुळतं, पण धुणं थांबवताच गळणं थांबलं, ते यात बसत नाही. तरी पुढच्या भेटीत सर्जनना हे अगदी रांगोळीसकट सांगा. ऐकून ते बहुधा हसतील, पण सांगा.

आणि न हसण्याच्या गोष्टीही इथेच सांगून टाकते. डोळ्याभोवती सूज येणं, एकाचे दोन दिसणं, नजर धूसर होणं, बर्फ लावून आणि दाबून धरूनही न थांबणारं रक्त, जोराचा ताप आणि मान आखडून येणारी डोकेदुखी, किंवा न धुता सतत गळणारं स्वच्छ पाणी, यातलं काहीही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

आता खपल्या. ऑपरेशननंतर नाकात जे होतं ते गुडघा खरचटल्यासारखंच असतं : कच्ची जागा, तिच्यातून पाझरणारा द्रव, मग खपली. फरक असा की गुडघ्याची खपली आपण कोरडी ठेवतो आणि वाळून पडू देतो. नाकात ती तशी ठेवली तर तिच्याखाली जंतू वाढतात, आणि समोरासमोरच्या दोन कच्च्या जागा एकमेकींना चिकटून मधे पडदा धरू शकतात. म्हणून नाकातली खपली ओली ठेवायची, धुऊन सैल करायची, आणि उरलेली डॉक्टर दुर्बिणीतून काढतात. पहिल्या महिन्यात ते तुम्हाला पुन्हा पुन्हा बोलावून नळी घालून सफाई करत होते ती यासाठी. ऑपरेशनपेक्षा तेच जास्त नकोसं वाटतं, असं बरेच जण सांगतात. खपल्यांचा काळपट रंग जुन्या रक्ताचा आहे. धुणं बंद केल्यावर त्या जास्त दिसायला लागल्या असतील, आणि सकाळी नाक गच्च होण्याचं मोठं कारणही त्याच असाव्यात. पिवळा-हिरवा, वास मारणारा स्राव येऊ लागला तर मात्र दाखवून घ्या. तो वास तुम्हाला येणार नाही, घरच्यांना विचारा.

सहा आठवडे म्हणजे नेमकं कुठे आहोत, हे कळायला आत काय केलंय ते थोडं समजून घ्यावं लागेल. सायनसच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. ते सतत एका दिशेने हलतात आणि आतला चिकट द्रव सायनसच्या मूळ तोंडाकडे ढकलत नेतात. मूळ तोंडाकडेच. गालाच्या सायनसमध्ये ते तोंड वर आहे, म्हणजे द्रवाला चढ चढून बाहेर यावं लागतं. १८९३ मध्ये अमेरिकेत कॉल्डवेल आणि १८९७ मध्ये फ्रान्समध्ये लुक या दोन डॉक्टरांनी, एकमेकांना नकळत, वरच्या हिरडीतून गालाच्या सायनसमध्ये शिरायची पद्धत काढली आणि पुढे कित्येक दशकं तीच चालली. त्यात पोकळी खरवडायची आणि निचऱ्यासाठी खालून नवीन भोक पाडायचं. पण केस त्या भोकाला विचारतच नाहीत. भोकाला वळसा घालून द्रव वरच्या मूळ तोंडाशीच नेतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे मेसरक्लिंगर या डॉक्टरांनी दुर्बिणीतून हा प्रवाह बारकाईने तपासला आणि त्यातून आजचं ऑपरेशन उभं राहिलं. मूळ तोंडापाशी जो अडथळा असतो, पॉलिप, सूज, हाडाचे पातळ पडदे, तेवढा काढायचा आणि अस्तर शक्य तितकं राखायचं. 'सायनसचं ऑपरेशन करूच नये' हे तुमच्या घरातलं मत बहुधा हिरडीतून झालेल्या जुन्या ऑपरेशनांच्या काळातलं आहे. त्या पिढीने गाल सुजलेले, दात बधिर झालेले आणि पुन्हा चोंदलेले नातेवाईक पाहिलेत. त्यांना दोष देता येणार नाही.

म्हणजे अडथळा काढणं दोन-तीन तासांत होतं, पण अस्तर पुन्हा धरायला आणि ते केस कामाला लागायला वेळ जातो. पहिला आठवडा सर्दी झाल्यासारखा, रक्तमिश्रित स्रावाचा. दोन ते चार आठवडे खपल्यांचे. बहुतेकांना खरा मोकळेपणा सहा ते बारा आठवड्यांत जाणवतो, आणि अस्तर पूर्ण मूळपदावर यायला तीन ते सहा महिनेसुद्धा लागतात. तुम्ही त्या मधल्या पट्ट्याच्या सुरुवातीला आहात, तेही अलीकडे न धुता आणि स्प्रेविना.

तक्रारीही सगळ्या एकदम जात नाहीत. सगळ्यांत जास्त आणि लवकर सुधारतं ते नाक चोंदणं. चेहऱ्यावरचा दाब आणि घशात उतरणारा कफ त्यामागून, जरा रडतखडत. वास आणि डोकेदुखी यांच्यात सुधारणा सर्वांत कमी, आणि त्याची कारणं दोघांची वेगळी आहेत.

वासाचं आधी. वास ओळखणारा भाग नाकाच्या अगदी छताशी, एका अरुंद फटीत असतो. त्याच्यावर हाडाची चाळणीसारखी पातळ पट्टी आणि तिच्यावर मेंदू. सर्जन तिथे फार जपून हात घालतात, आणि तिथली सूज ओसरते ती औषधानेच. तुमचा एक दिवसाचा कॉफीचा वास मला या पत्रातली सर्वांत आशेची गोष्ट वाटते. वासाच्या नसा मेलेल्या असत्या तर तो आलाच नसता. येतो-जातो असा वास म्हणजे बहुतेक वेळा वाट सुजेने बंद-उघड होतेय. माझा अंदाज विचाराल तर तो दिवस ऑपरेशनच्या सुमारास दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचा किंवा स्प्रे नीट चालू असल्याचा असणार. तारीख आठवून बघा.

स्प्रे आणि धुणं पुन्हा सुरू झालं की त्यासोबत वासाचा सराव करा. जर्मनीत ड्रेस्डेनच्या हुमेल या डॉक्टरांनी २००९ मध्ये याची पद्धत घालून दिली : गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. त्यातली लवंग आणि लिंबू तुमच्या ओट्यावरच आहेत, गुलाबपाणी आणि निलगिरीचं तेल कोणत्याही दुकानात मिळेल. प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद, हळू हुंगायचं, आणि तो वास कसा होता ते मनात आणायचा प्रयत्न करायचा. याचा चांगला उपयोग दिसलाय तो मुख्यतः विषाणूच्या सर्दीनंतर वास गेलेल्यांमध्ये. पॉलिपवाल्यांना आधी सूज उतरवावी लागते. पण यात खर्च नाही आणि अपाय नाही, म्हणून मी सांगते. निलगिरी नाकात घालायची नाही, बाटलीचं झाकण काढून हुंगायची. दम्यामुळे एखाद्या वासाने खोकला आला तर तो सोडून द्या.

तोवर, ताई, स्वयंपाकघरात थोडी व्यवस्था लावा. चकल्यांचं ठीक आहे, पण गॅस गळला तरी तुम्हाला कळणार नाही. घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात, आणि नेमकं तेच तुमच्या नाकाला पोचत नाही. रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचं काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या. गळती ओळखणारा अलार्म मिळतो, तो जमिनीलगत बसवतात, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. आणि डब्यातलं कालचं वरण आंबलंय का, हे चाखून ठरवू नका, दुसऱ्याला हुंगायला द्या.

डोकेदुखीबद्दल मला वेगळीच शंका आहे. एका बाजूने ठणकणं, उजेड नकोसा होणं, मळमळ, हे वर्णन सायनसपेक्षा अर्धशिशीचं जास्त आहे. अर्धशिशीत नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, गाल-कपाळ जड होतं, कारण चेहऱ्याची आणि डोक्याच्या आवरणाची संवेदना एकाच मोठ्या नसेतून जाते. म्हणून माणूस आणि डॉक्टर दोघंही 'सायनसचं दुखतंय' म्हणून मोकळे होतात. २००४ साली अमेरिकेत जवळपास ३००० लोकांची पाहणी झाली. त्यांच्या डोकेदुखीला सायनसची म्हटलं जात होतं, पण सायनसचा संसर्ग काही सापडलेला नव्हता. त्यातल्या ८८ टक्के लोकांची डोकेदुखी अर्धशिशीच्या व्याख्येत बसली. तुम्हाला पॉलिप होते हे खरं आहे, आणि एकाच डोक्यात दोन्ही दुखणी सुखाने नांदू शकतात. पाळीच्या आसपास वाढतं का, उपास किंवा जागरणानंतर येतं का, आईला किंवा बहिणीला आहे का, हे लिहून ठेवा आणि फिजिशियनला दाखवा. अर्धशिशीची औषधं वेगळी आहेत, आणि सायनसचं कितीही उत्तम ऑपरेशन तिच्यावर उपाय नाही.

मेडिकलमधून आणता ती गोळी कुठली, हे तुम्ही लिहिलं नाहीत. गोळ्यांचं पाकीट उलटं करून बघा. त्यात आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन असेल तर आठवा, गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत नाक जास्त चोंदलं का, छाती भरून आली का, पंप घ्यावा लागला का? पॉलिप आणि दमा दोन्ही असलेल्या काही लोकांना ही औषधं सोसत नाहीत. या त्रिकूटाला डॉक्टर सॅम्टरचं नाव लावतात. त्यात दम्याचा झटका जिवावर बेतू शकतो, शिवाय अशांचे पॉलिप लवकर परततात. याचं उत्तर 'हो' असेल तर ती माहिती तुमच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने हवी. विचारून होईपर्यंत पॅरासिटॅमॉलवर भागवा. आणि कुठलीही मिश्र वेदनाशामक गोळी महिन्यातून दहा दिवस किंवा जास्त लागायला लागली, की ती गोळीच डोकेदुखी लांबवत असते.

आता 'परत वाढतंच' या वाक्याकडे. अर्धं खरं आहे ते, म्हणून जास्त त्रास देतं. पॉलिप हे अस्तराच्या सुजेचं फळ आहे. ऑपरेशनने फळं काढली आणि वाट मोकळी केली. अस्तराची सुजण्याची प्रवृत्ती काढता येत नाही. दमा असलेल्यांमध्ये ती जास्त असते. म्हणूनच स्प्रे. ऑपरेशनच्या आधी स्प्रे मारला तर पॉलिपवर आपटून तिथेच थांबायचा, आता औषध सायनसच्या आत पोचू शकतं. ऑपरेशन केलं म्हणून औषध सुटलं असं नसतं, ऑपरेशन केल्यामुळे औषध लागू पडायला लागतं. हे ऑपरेशनच्या आधी स्वच्छ शब्दांत सांगायला हवं होतं, आणि आमच्या धंद्यात ते नेहमी सांगितलं जातंच असं नाही. दोन मिनिटांच्या भेटीत 'होईल बरं' एवढंच बसतं.

स्टिरॉइड या शब्दाची भीती मी समजू शकते. गावोगाव गोळ्यांनी तोंडं सुजलेली माणसं आपण पाहिलीत. पण हिशेब बघा. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनच्या स्प्रेचा एक फवारा साधारण ५० मायक्रोग्रॅमचा. दोन्ही बाजूंना दोन-दोन मारले तरी दिवसाचे २०० मायक्रोग्रॅम, आणि त्यातला रक्तात पोचणारा भाग शंभरात एक-दोनच. शस्त्रक्रियेच्या आसपास देतात त्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या ३० मिलिग्रॅमच्या असल्या तर ते ३०,००० मायक्रोग्रॅम होतात आणि बहुतेक सगळे रक्तात जातात. दोन्हीला एकाच तागडीत घालू नका. डॉक्टरांना एक फोन करून स्प्रे पुन्हा सुरू करायची परवानगी घ्या. मारताना उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, नळीचं टोक मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. जोरात ओढू नका, नाहीतर सगळं घशात जातं. बरेच जण पडद्यावर मारतात, मग रक्त येतं आणि दोष औषधाला. नाक मोकळं करणारे झटपट थेंब मिळतात ते हे नव्हेत. ते पाच-सात दिवसांपलीकडे घेतले तर नाक आणखी चोंदतं. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

धुण्याची रीत. दाबता येणारी २४० मिलिलिटरची बाटली आणि मेडिकलमध्ये मिळणारी मिठाची तयार पुडी सर्वांत सोयीची. पुडी नसेल तर तेवढ्या पाण्याला अर्धा चहाचा चमचा बिनआयोडिनचं मीठ आणि दोन चिमटी खायचा सोडा. पाणी कोमट. वॉश बेसिनवर पुढे वाकायचं, तोंड उघडं, हळू दाब. पाणी दुसऱ्या नाकपुडीतून आणि तोंडातून येईल. झालं की वाकलेल्या स्थितीतच मान आधी एका खांद्याकडे, मग दुसऱ्या खांद्याकडे वळवायची आणि थोडा वेळ थांबायचं. आत साचलेलं पाणी तिथेच पडतं, रांगोळी वाचते. मग एकेक नाकपुडी हलकेच शिंकरायची. तुम्हाला सहा आठवडे झालेत, हलकं शिंकरायला बहुधा हरकत नसावी, पण त्याच फोनमध्ये हेही विचारून घ्या. दिवसातून दोनदा, आणि स्प्रे धुतल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी.

पाण्यात मात्र तडजोड नको. खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यायचं आणि झाकून थंड करायचं, एका दिवसात संपवायचं. विहिरीचं नको, नळाचं थेट नको, आरओचंही थेट नको. आरओचं पाणी प्यायला ठीक असलं तरी निर्जंतुक नसतं. २०११ मध्ये अमेरिकेत लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुतल्यावर मेंदूच्या अमीबाचा संसर्ग होऊन दोन जणांचा मृत्यू झाला. केरळातल्या अशा रुग्णांच्या बातम्या तर आपण हल्ली वाचतोच. हा अमीबा पाणी पिऊन त्रास देत नाही, नाकातून शिरला तरच वर जातो. उकळलं की मरतो, म्हणून यावर घाबरण्यासारखं काही नाही, आळस करण्यासारखंही नाही. बाटलीही रोज धुऊन वाळवा.

शाळेत जायला हरकत नाही. खडूचा फळा पुसताना मास्क लावा किंवा ते मानाचं काम वर्गातल्या उत्साही पोरांना द्या. थकवा अजून काही आठवडे राहू शकतो, शिवाय वर्षानुवर्षं झोप नीट न झालेलं शरीर आहे. डिसेंबर उजाडूनही उत्साह नसेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या. घरात धूप, डासांची कॉइल, शेकोटी यांपासून लांब. नाकात तूप, तेल, तपकीर, वेखंड यांपैकी काहीही घालायचं नाही, कोणी कितीही अनुभवाने सांगो. वाफ घेतल्याने तात्पुरतं बरं वाटतं, पण तिच्यावर भिस्त नको, आणि उकळत्या पातेल्यावर तोंड धरून भाजलेली माणसं मी दर हिवाळ्यात पाहते.

आता त्या दोन मिनिटांच्या भेटीचं. सायनसच्या रुग्णांसाठी SNOT-22 नावाची २२ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. नाक चोंदणं, शिंका, घशातला कफ, वास यांच्यापासून रात्री जाग येणं, दिवसा थकवा, चिडचिड, कामात लक्ष न लागणं इथपर्यंत प्रत्येकाला ० ते ५ गुण द्यायचे; एकूण ११०. जितके कमी तितकं बरं. नऊएक गुणांचा फरक पडला की माणसाला स्वतःला तो जाणवतो. तुम्ही शिक्षिका आहात, गुण द्यायचं तुम्हाला कोणी शिकवायला नको. ऑपरेशनच्या आधीच्या महिन्यासाठी आठवून एकदा आणि आजसाठी एकदा भरा. झोपेचे आणि श्वासाचे गुण बघाल तर बहुधा तुम्हालाच आश्चर्य वाटेल. वास नसल्याने बाकीची सुधारणा झाकली गेली असावी. घरच्यांनाही तो कागद दाखवा. मग तोच कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि थेट विचारा : दुर्बिणीत आतली तोंडं उघडी आहेत का, कुठे चिकटलंय का? पॉलिपच्या तपासणीत इओसिनोफिल पेशी (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त आल्या का, बुरशी सापडली का? स्प्रे किती महिने, आणि धुण्याच्या पाण्यात बुडेसोनाइड हे स्टिरॉइड घालायची गरज आहे का? कागद समोर असला की उत्तरंही मिळतात, असा माझा टेबलाच्या दोन्ही बाजूंचा अनुभव आहे.

हे सगळं नीट सुरू करून ऑपरेशनपासून तीन महिने होईपर्यंत थांबा. तेव्हाही वास जागचा हलला नाही, किंवा नाक पुन्हा चोंदायला लागलं, तर दुर्बिणीने बघून, गरज पडली तर पुन्हा स्कॅन करून पुढचं ठरवता येतं. वारंवार पॉलिप येणाऱ्यांसाठी डुपिलुमॅबसारखी इंजेक्शनंही निघालीत. महाग आहेत आणि तुमच्यावर आज ती वेळ आलेली नाही. दुसरं मत त्या टप्प्यावर जरूर घ्या, त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नसतो. जाताना जुन्या स्कॅनची सीडी, ऑपरेशनची नोंद आणि पॉलिपचा पॅथॉलॉजी रिपोर्ट न्या. हा शेवटचा कागद डिस्चार्जनंतर काही दिवसांनी येतो, त्यामुळे बऱ्याच फाइलींमध्ये तो नसतोच. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जाऊन नाव सांगून मागून घ्या.